पाणी मी बघितलं होतं

काल दुपारी मूर्ती सर आणि फ्रान्सिस येऊन गेले. तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले होते. फ्रान्सिसना साखर चालत नाही हे मला माहीत आहे, तरी मी त्यांच्या कॉफीत दोन चमचे घातली. त्यांनी ती सगळी पिऊन टाकली. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आल्या आल्या दोघंही मागच्या अंगणात जाऊन तुमचं छोटं वाफेचं इंजिन बघून आले. त्यावर मी जुनी चादर घातली आहे. मूर्ती सरांनी चादर उचलली, थोडा वेळ बघितलं, पुन्हा घातली आणि चारही कोपरे आत खोचले. जन्मभर रेल्वेत मोठी इंजिनं सांभाळलेला माणूस, तुमच्या छोट्या इंजिनांच्या क्लबचा अध्यक्ष. वाकायला त्रास होत होता, तरी चारही कोपरे खोचले. मग आत येऊन बसले आणि बक्षिसाच्या कपाचं बोलणं काढलं.

'अक्का, तो छोटा कप आम्हाला परत द्याल का? दर वर्षी सगळ्यांत जपून इंजिन चालवेल त्याला तो द्यायचा, असं ठरवलंय. कपावर रघु अण्णांचं नाव घालू. या रविवारी सगळे जमतील तेव्हा मी त्या दिवशीची गोष्ट सांगतो, आणि मग तुमच्या हातून कप देऊ.'

फ्रान्सिस म्हणाले, 'आणि तुम्ही एरडु मातु बोला, अक्का. दोनच शब्द.'

मी 'सरी' म्हटलं. माझं असंच होतं. समोर माणूस बसला की तोंडातून सरी निघतं, आणि मग दार लावल्यावर मला कळतं की मी कशाला हो म्हटलं.

त्या दिवशीची गोष्ट क्लबात सगळ्यांना पाठ आहे. स्पर्धा चालू होती, रघु अण्णा पुढे होते, जिंकायला थोडाच वेळ उरला होता. बॉयलरमधलं पाणी संपत आलंय हे दुसऱ्या कुणाला कळलं नाही, यांच्या मात्र लक्षात आलं. यांनी जिंकणं सोडलं, गाडी थांबवली, विस्तव खाली पाडला. इंजिन वाचलं, मागे बसलेली माणसं वाचली. हे सगळं खरं आहे. एक गोष्ट सोडून. पाणी मी बघितलं होतं. ते तुम्हाला माहीत होतं आणि मला. आता मला एकटीला.

रविवारी ती गोष्ट तशीच सांगू द्यायची की नाही, एवढंच मला ठरवायचं आहे. तीन दिवस आहेत. डोक्यात धरून काही होत नाही म्हणून आपल्या सुमाची शाळेतली जुनी वही घेतली. सुमा महिनाअखेरपर्यंत इथेच राहणार आहे. तिला वाटतं मी रामनाम लिहिते आहे. तुम्हाला मराठी बोलता यायचं, पण तुमची शाळा कानडी. माझ्या आईची पत्रं निपाणीहून यायची तेव्हा मीच तुम्हाला वाचून दाखवायची, आणि एखादी ओळ गाळलेली तुम्हाला कळायची नाही. म्हणून इथे लिहायला भीती वाटत नाही. चौथीनंतर पत्रं आणि किराणा सोडून मी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर चुकलं.

रडू येत नाही. सुमा माझ्याकडे बघत असते, आत्ता रडेल, मग रडेल. पाचव्या दिवशी मी अंगणात जाऊन कोळसा फोडला. तुम्ही आणून ठेवलेलं अर्धं पोतं तसंच होतं. तुमच्या छोट्या हातोडीनं सगळा फोडला, सुपारीएवढा, चाळणीतून चाळला, भुकटी वेगळी केली, डबे भरले. सुमा धावत आली. 'आई, सुतक आहे, लोक काय म्हणतील?' मी म्हटलं, मोठे तुकडे यांच्या इंजिनाच्या दारातून जात नाहीत. तिनं माझे हात धुतले. मला कळत होतं की ती का घाबरली आहे.

लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं मला वाटायचं, राजाजीनगरात सगळेच पुरुष कारखान्यातून आल्यावर पुन्हा लेथवर उभे राहतात. दिवसभर दुसऱ्याचं काम आणि संध्याकाळी स्वतःचं. शेजारच्या बाई म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याला दारू नाही, सिनेमा नाही, हे खेळण्यातलं इंजिन तेवढं आहे, नशीब समज. खेळण्यातलं म्हटलेलं तुम्हाला आवडायचं नाही. 'खेळण्यात वाफ नसते,' एवढंच म्हणायचात. सहा वर्षं लागली ते बांधायला. तांब्याचा बॉयलर, पितळेचा घुमट, माझ्या कमरेएवढं लांब, आणि दोघांना मिळून उचलायला जड.

इंजिन तयार झाल्यावर अंगणातच ते रोलरवर चढवून चालवायचात, चाकं जागच्या जागी फिरायची. तुम्ही पंपापाशी, मी मागे. बॉयलरच्या पाठीला ती बोटभर उंचीची काचेची नळी. आत जेवढं पाणी तेवढं नळीत दिसतं. पंप जमवताना तुमची मान खाली असायची, म्हणून तुम्ही विचारायचात, 'पाणी किती?' मी म्हणायची, अर्धी काच. 'आता?' पाऊण. किती रविवार आपण एवढंच बोललो असू. बाकी घरात आपल्याला बोलायला फार काही नसायचं, तुम्हीही कमी बोलणारे. पण पाणी किती, हे तुम्ही मला विचारायचात आणि मी सांगितलेलं खरं धरायचात, मान वर करून तपासायचात नाही.

तुम्हीच शिकवलंत. इंजिन चालत असलं की काचेतलं पाणी वरखाली हलत राहतं. तुम्ही म्हणायचात, पाणी नाचतंय, ठीक आहे. नाचायचं थांबलं तर समजायचं, नळीत बुडबुडा अडकलाय. मग बॉयलर रिकामा होत आला तरी काच अर्धी भरलेली दाखवते. अशा वेळी खालची चावी उघडून काचेतलं पाणी सोडून द्यायचं. चावी बंद केल्यावर परत वर चढलं तर खरं. नाही चढलं तर बॉयलरमध्ये पाणी नाही, आणि खाली विस्तव पेटलेला. मी म्हटलं होतं, म्हणजे रिकामं पातेलं चुलीवर ठेवल्यासारखं. तुम्ही हसलात. 'पातेलं फक्त काळं होतं गं,' म्हणालात.

आता तो दिवस लिहिते.

देवनहळ्ळीच्या अलीकडे तो द्राक्षांचा मळा, गुडघ्याएवढ्या उंच खांबांवर गोल वळून येणारा रूळ. प्रत्येकाला सारखाच तोलून दिलेला कोळसा आणि अर्धा तास. मागे माणसं बसवायची आणि जास्तीत जास्त फेऱ्या मारायच्या. मध्ये थांबलं की बाद. दोन वर्षं तुम्ही फ्रान्सिसच्या मागे राहिला होतात. त्या वर्षी तुमचं ठरलेलं होतं, ते मला तुमच्या दाढी करण्यावरून कळलं होतं.

सात माणसं ओढायची होती. सहा झाली. तुम्ही म्हणालात, 'तू बस. तुझं वजन माझ्या ओळखीचं आहे.' सगळे हसले, मी लाजले, पण बसले. त्या गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसतात. नऊवार असती तर जमलं असतं, पाचवारीत कसं बसायचं. मी एका बाजूला पाय घेऊन, कोळशाचा डबा मांडीवर धरून, अगदी तुमच्या पाठीमागे बसले. तुमच्या खांद्यावरून मला काच दिसत होती. दुसरीकडे कुठे बघायचं, लोक होते, म्हणून मी काचेकडेच बघत होते.

दहाव्या फेरीला पाणी नाचायचं थांबलं.

मी अर्धी फेरी वाट बघितली. वाटलं, मला भास होतोय. मग म्हटलं, 'अहो, पाणी नाचत नाहीये.' तुम्ही ऐकलं नाहीत. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, कारण इंजिनाचा आवाज होता. तेव्हा आपण जिथे सगळे बसले होते तिथूनच जात होतो. तुम्ही मान न वळवता ओरडलात, 'सुम्ने कूत्को! तुला काय कळतं यातलं?'

कानडीत म्हणालात. गप्प बस म्हणून. घरी तुम्ही माझ्याशी कानडीत कधी बोलला नव्हतात. लोकांना कळावं म्हणून ते कानडीत होतं. फ्रान्सिस काठावरून ओरडले, 'रघु अण्णा, खरा ड्रायव्हर मागे बसलाय वाटतं!' आणि बायकासुद्धा हसल्या.

मी डबा धरून बसले. एक पूर्ण फेरी आपण तशी मारली. मला फक्त तुमचे कान दिसत होते, ते लाल झाले होते. मला वाटलं, माझ्यावरच्या रागानं.

मग तुम्ही वाफ बंद केलीत. गाडी थांबली. काठावरची माणसं ओरडायला लागली, काय झालं, काय झालं. तुम्ही खालची चावी उघडलीत, पाणी सोडलंत, बंद केलीत, आणि आपण दोघांनी काचेकडे बघितलं. पाणी वर आलं नाही. तुम्ही खीळ ओढलीत, विस्तवाखालची जाळी खाली पडली, सगळा लाल विस्तव खडीवर सांडला. माझ्या फोडलेल्या कोळशाचे तुकडे खडीवर धुमसत पडले. मग मला म्हणालात, 'उतर, पाय सांभाळ.'

मूर्ती सर धावत आले. त्यांनी बघितलं, तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, 'अजून दोन मिनिटं गेली असती तर? तुला कळलं कसं?' मी तिथेच होते. हातभर अंतरावर, डबा धरून. तुम्ही म्हणालात, 'तीस वर्षं काम केल्यावर अंदाज येतो, सर.'

एवढंच. त्यावर क्लबनं तो कप दिला. फ्रान्सिस जिंकले, तरी त्यांनीच सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. कप घरी आला, काचेच्या कपाटात बसला. तीन वर्षं दर दसऱ्याला मीच तो चिंचेनं घासला.

मी नंतर त्या गाडीवर बसले नाही. क्लबच्या दिवशी यायची, डबे भरून द्यायची, बायकांबरोबर सावलीत बसायची. तुम्ही दर वेळी विचारायचात, 'बसतेस?' मी म्हणायची, गुडघा दुखतो. पुढच्या वर्षी तुम्ही गाडीला एका बाजूनं पाय ठेवायला फळी लावलीत आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून पत्रा. बाकीच्या बायका म्हणाल्या, अण्णांनी किती छान केलं. त्या बसल्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ती फळी कुणासाठी आहे ते मला कळत होतं. पण मला फळी नको होती, तुम्ही एकदा म्हणायला हवं होतंत. घरात, कुणी नसताना म्हटलं असतंत तरी चाललं असतं. मराठीत.

अंगणात मात्र सगळं तसंच चालू राहिलं. पाणी किती? अर्धी काच. आता? पाऊण. मी कधी चुकीचं सांगितलं नाही. एकदा मनात आलं होतं, आज काहीच सांगू नये. तेव्हा तुम्ही मान वर करून नुसते वाट बघत राहिलात, आणि मी सांगितलं.

आता सुमानं एका कागदावर दोन शब्द लिहून दिले आहेत, कानडीत, मोठ्या अक्षरांत, म्हणजे मला अडखळत का होईना वाचता येतील. 'माझ्या पतींनी त्या दिवशी स्वतःच्या नजरेनं धोका ओळखला.' तिनं मनापासून लिहिलंय. ती तेव्हा सासरी होती, तिला तुम्ही सांगितलंत तेवढंच माहीत. मी कागद तीनदा वाचला. ती म्हणाली, 'पाठ झालं का?' मी हो म्हटलं.

खरं सांगितलं तर लोक म्हणतील, नवरा जाऊन महिना झाला नाही आणि ही त्याच्या वाटचं काढून घ्यायला आली. नाही सांगितलं तर दर वर्षी ते कपावर तुमचं नाव वाचतील आणि ती गोष्ट सांगतील, आणि दर वर्षी मी हातभर अंतरावर डबा धरून उभी राहीन.

सोमवार.

काल जाऊन आलो. मॅजेस्टिकच्या स्टँडवरून बस, मग चालत. इंजिन फ्रान्सिस आदल्या दिवशी मेटॅडोरमधून घेऊन गेले होते. त्यांनीच ते पेटवलं. मी कोळसा बघून दिला. खूप माणसं होती, नवीनसुद्धा. मूर्ती सर खुर्चीवर उभे राहायला निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोनं शर्ट धरून खाली ओढलं, 'जमिनीवरूनच बोला, पडाल.' सगळे हसले. मग त्यांनी गोष्ट सांगितली. छान सांगितली. शेवटी म्हणाले, 'कोणी सांगितलं नाही, कोणी दाखवलं नाही. त्या माणसाची नजरच तशी होती.'

मला पुढे बोलावलं. सुमानं कागद उघडून हातात दिला. अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. एवढ्या माणसांनी एका वेळी माझ्याकडे लग्नात बघितलं असेल, तेव्हा मान खाली होती. किती वेळ उभी होते कोण जाणे. सुमा हळूच म्हणाली, 'आई, वाच ना.'

मी म्हटलं, 'नीर नानु नोडिदे.' पाणी मी बघितलं. माझी कानडी बाजारातली, पण तेवढी कळली सगळ्यांना. मग म्हटलं, 'मी यांना सांगितलं. एक फेरी यांनी ऐकलं नाही. मग ऐकलं.'

 मूर्ती सरांनी चष्मा काढला. फ्रान्सिस म्हणाले, 'अक्का, मग तीन वर्षं का बोलला नाहीत?'

मी म्हटलं, 'यांनी गप्प बस म्हटलं होतं.'

सगळे मोठ्यानं हसले. मी हसवायला म्हटलं नव्हतं. सुमा हसली नाही. फ्रान्सिस हसता हसता थांबले. त्यांना बहुतेक स्वतःचं ओरडणं आठवलं, कारण ते जमिनीकडे बघायला लागले.

मूर्ती सर म्हणाले, 'मग कपावर तुमचंही नाव पाहिजे. दोघांचं घालू.'

'नको,' मी म्हटलं. 'मी मागे बसले होते, मला बघण्यावाचून दुसरं काम नव्हतं. थांबवलं यांनी. जिंकत असताना, तुम्ही सगळे बघत असताना. त्यांचंच राहू द्या.'

मी कप फ्रान्सिसच्या हातात दिला. यंदा तो त्यांनाच होता. ते म्हणाले, 'मी याला लायक नाही, अक्का,' आणि तरी घट्ट धरला.

येताना बसमध्ये सुमानं विचारलं, 'बाबा तुला कधीच काही म्हणाले नाहीत?' मी म्हटलं, नाही. 'तुला राग आला नाही?' आला होता, म्हटलं. मग ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मला तुम्हाला एकच सांगायचं आहे. काल तो कागद हातात धरून उभी राहिले तेव्हा कान तापले होते. हात लावून बघितला, गरम होते. तेव्हा मला ती फेरी कळली. तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात. तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच पटलं होतं, आणि एवढ्या लोकांसमोर ओरडून झाल्यावर आता थांबायचं कसं, हे तुम्हाला सुचत नव्हतं. तरी थांबलात. तुम्हाला एक फेरी लागली, मला तीन वर्षं लागली. तुम्ही असताना बोलले असते तर बरं झालं असतं.

चारचौघांत मी तुमचं उणं केलं का, ते मला कळत नाही. तुमची बाकीची उत्तरं मला पाठ आहेत. आमटीत मीठ जास्त झालं म्हटलं तर 'चालतंय'. लग्नाला जायचं म्हटलं तर 'तू जाऊन ये'. डॉक्टरकडे चला म्हटलं तर 'पुढच्या आठवड्यात'. तुमच्याच आवाजात ऐकू येतात. हे मी सांगून टाकलं, असं म्हटल्यावर तुम्ही काय म्हणाला असतात, ते सकाळपासून ऐकायला बघते आहे. ते मात्र येत नाही.